झाकणाखालचा घास

अहो मास्तर, जिथं कुठं असाल तिथून ऐका,

पत्र मी सांगून राहिले, लिहून राहिली तुमची नात वैशू. लातूरला अकरावीत सायन्स शिकते, सुट्टीला भोकरला आली हाय. परवा तुमच्या श्राद्धाची तिथी. सकाळीच तुमच्या भावाचा, किसनरावांचा फोन आला. "वैनी, पंगतीत मास्तरांची ती झाकणाची गोष्ट मीच सांगणार बरं का." म्हणून ही घाई.

गोष्ट आठवते का? न आठवून सांगता कुणाला, जन्मभर तुम्हीच तर ती सांगत व्हतात.

ओसरीवर चार माणसं बसलेली. तुम्ही पुस्तक मिटून विचारलंत, "सूर्य तरणा व्हता तवा त्याचं तेज आजच्यापेक्षा लई कमी. चार भाकरीतल्या तीनच समजा. मग पृथ्वीचा बर्फाचा गोळा व्हायला पायजे. पण जुने दगड सांगतात, पाणी वाहत व्हतं. कसं?" मी चहा घेऊन आले अन् म्हणले, "वर झाकण असंल. गोवरीचा इस्तू मंद असला तरी झाकलेलं दूध ऊन राहतंच की."

किती हसलात. बशीतला चहा धोतरावर सांडला. "हिला आभाळ म्हंजे दुधाचं मडकं वाटतं." त्या दिवसापासून मी गावाची झाकणबाई. सुनेच्या माहेरीसुद्धा तेच नाव.

काल वैशूनं तुमची जुनी वही उघडली. दर दिवाळीला मी ती पुसून परत ट्रंकेत ठेवते. वाचता वाचता पोरगी थांबली. "आजी, आजोबांनी लिहिलंय, हवेतल्या वायूंनी ऊब धरून ठेवली असावी. हिचं झाकण बरोबर निघालं."

वैशू म्हणते, कोणता वायू अन् किती, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. भांडू द्या. माझं भांडण तुमच्याशी हाय.

तुम्हाला ठाऊक व्हतं. तरी पंगतीपंगतीत हसवत राहिलात? अन् खरं लिहिलंत ते कुठं, तर जिथं मला वाचता येत न्हाई तिथं. गावातली निम्मी पोरं तुमच्यापाशी अक्षरं शिकली. मी म्हणले मलाबी शिकवा, तर म्हणालात, "आता या वयात?" बावीस वर्षांची व्हते मी.

आता माझा शब्द ऐका. परवा किसनरावांना गोष्ट सांगू देईन. सगळ्यांना पोटभर हसू देईन. मग वैशू उभी राहून वहीतलं ते पान वाचंल. तोवर तुमचा घास घरावरच्या माळवदावर असंल, पण पितळी झाकणाखाली. कावळा शिवल्याशिवाय पंगतीतलं कुणी जेवत न्हाई, त्यामुळं ऐकतील सगळे. तुम्हीबी या, अन् झाकणाभवती फिरत बसा. वडे ऊन राहतील, फिकीर नको.

पान वाचून झालं की झाकण मीच उचलीन.

अक्षर वैशूचं, अंगठा माझा,
चंद्राबाई