टॅब तुटलेली होती

प्रिय बडबडे,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला आहे. लबाडी आहे, मान्य. पण आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सोळा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तू, जिला घरात सगळे बडबडी म्हणायचे, माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. भांडण कशावरून हे दोघांनाही पाठ आहे. आईच्या कॅसेटवरून. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण तिथवर मला माझ्या चालीनं येऊ दे. मशीन उघडताना मी आधी झाकण काढतो, एकदम हेडला हात घालत नाही.

आधी दुकानाचं सांगतो. दुकान चालू आहे. पाटी तीच, ‘व्हिडिओ दुरुस्ती’, मीच रंगवलेली, त्यातला ‘दु’ जरा तिरका गेलाय म्हणून तू हसायचीस तीच. डिस्क आल्या तेव्हा समोरच्या दुकानदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, की आता तुमचं काही खरं नाही. त्याच्या डिस्कही गेल्या, त्याचं दुकानही गेलं, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. मी आहे. शेजारी फोनची कव्हरं विकणारा एक पोरगेला माणूस बसतो. तो माझ्या दुकानाला संग्रहालय म्हणतो आणि मला ‘क्युरेटरसाहेब’. पण कुणी जुनी कॅसेट हातात धरून भांबावलेलं दिसलं की स्वतः उठून माझ्या दारापर्यंत आणून सोडतो. लोकांना सगळं फोनवर बघायचं असतं गं, आणि बरोबरच आहे त्यांचं. पण फोनमध्ये घालायचं ते आधी फितीवरून उतरवायला कुणीतरी लागतंच ना! ते काम आता या भागात मी एकटा करतो. माझ्याकडे चार मशीन आहेत. त्यातली एक चालते, बाकीच्या तिघी तिला रबरी पट्टे, दट्टे, दातेरी चाकं देत देत जगवतात. चालणारीला मी थोरली म्हणतो. थोरलीचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, मी दर दहा कॅसेटींनंतर पुसतो, आडवं, कधीही उभं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. कुठल्याही वर्गात मी बसलो नाही, पहिलं मशीन एकोणिसाव्या वर्षी उघडलं ते न कळणाऱ्या भाषेतलं माहितीपुस्तक नुसतं चित्रांवरून वाचून, आणि तू शेजारी बसून निघालेले स्क्रू बशीत ओळीनं मांडत होतीस. आठवतं? एक स्क्रू उरला होता. मी म्हटलं, जास्तीचा असेल. तू म्हणालीस, दादा, जास्तीचं कुणी काही देत नसतं. ते मशीन पुन्हा उघडावं लागलं होतं.

परवा एक निवृत्त नर्सबाई आल्या होत्या. पिशवीत एकच कॅसेट, बुरशीनं कडा पांढऱ्या झालेल्या. त्यांच्या वडिलांची, बागेत पाइपनं पाणी घालतानाची. मी कॅसेट उघडून फीत मऊ कापडातून हातानं फिरवून साफ केली, दीड तास लागला, आणि त्या सगळा वेळ स्टुलावर बसून होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, ‘आवाजपण येईल का हो?’ सगळे हेच विचारतात, बडबडे. चित्र अंधुक असलं तरी चालतं त्यांना. आवाज आला. वडील ओरडत होते, अरे नळ कुणी बंद केला! नर्सबाई हसता हसता रडायला लागल्या. त्या गेल्यावर मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. तुझी वहिनी डबा घेऊन आली तर म्हणाली, काय झालं, मशीन बिघडलं का?

मशीन नव्हतं बिघडलं. मला आपल्या कॅसेटमधली आई आठवली होती. फोटोला सुद्धा उभी न राहणारी, आणि मी कॅमेरा मागून आणला त्या दिवशी शिवणयंत्रापाशी बसली असताना तू तिला बोलण्यात गुंतवून ठेवलंस, म्हणून सतरा मिनिटं हाती लागली. ती कॅमेऱ्याला ‘नळकांडं’ म्हणाली होती. तिच्या आवाजाची जगात तेवढीच एक फीत. म्हणून मी त्याच संध्याकाळी कॅसेटच्या मागची ती छोटी प्लास्टिकची टॅब तुझ्यासमोर स्क्रूड्रायव्हरनं तोडली आणि तुला समजावून सांगितलं, की टॅब तुटली की हिच्यावर कुणालाही दुसरं काही रेकॉर्ड करता येत नाही. फक्त त्या खाचेवर चिकटपट्टी लावली तरच येतं. तू म्हणालीस, मग चिकटपट्टी या घरात लपवून ठेवू.

आई गेल्यावर ती कॅसेट तू मागून नेलीस. मला ठाऊक आहे, तुझ्याच्यानं ती बघवली नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवली होतीस. वर्ष झालं त्या दिवशी सगळे जमले, तू कॅसेट आणलीस, मी ती थोरलीत घातली, आणि पडद्यावर तुझी आणि तुझ्या वहिनीची ती आवडती मालिका सुरू झाली. दोन जावा एका दागिन्यावरून भांडत होत्या. पुढे सरकवून पाहिली, शेवटपर्यंत तेच. मग मी जे बोललो ते तुझ्या नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर, पाच वर्षांच्या भाचीसमोर बोललो. तू एवढंच म्हणत होतीस, दादा, मी ती मशीनमध्ये घातलीच नाही, आणि बघ ना, टॅब तुटलेली आहे. त्यावर मी म्हटलं, चिकटपट्टी कशी लावायची हे मीच तुला शिकवलं होतं. त्या वाक्यानंतर तू चपला घातल्यास.

आता जे लिहितो ते गेल्या सोळा वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही सगळे गेल्यावर मी ती कॅसेट खिडकीपाशी नेऊन भिंगातून पाहिली. चिकटपट्टी काढली तरी गोंद राहतो, त्यावर धूळ बसते, ती वर्षानुवर्षं दिसते. खाच स्वच्छ होती. गोंदाचा मागमूस नव्हता. मी पाहिलं, मला कळलं, आणि मी कॅसेट तशीच वर ठेवून दिली. तुझी वहिनीसुद्धा त्याच दिवशी हळूच म्हणाली होती, अहो, हा दागिन्याचा भाग मी आपल्याकडे टेप केला होता. मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतं? तू टेप केलं नाहीस तर केलं कुणी, हा प्रश्न मी पुढे नेलाच नाही. कारण तो पुढे नेला असता तर फक्त एकाच माणसापाशी जाऊन थांबला असता.

गेल्या मंगळवारी दुपारी तुझ्या वहिनीनं माळा साफ करायला काढला. तिच्या त्या मालिकेच्या कॅसेटी टाकून द्या म्हणाली. मी म्हटलं, बघितल्याशिवाय टाकायचं नाही. ती म्हणाली, बघा, तुमचं ते बघणं, म्हणजे हा माळा आता पुढच्या वर्षीच रिकामा होणार. पहिली लावली, दुसरी लावली. तिसरी लावली तर आधी नुसती मुंग्यांसारखी खरखर, मग एक खिडकी, मग शिवणयंत्राचं चाक, आणि चष्मा पुसत आई म्हणाली, ‘चालू झालं का रे ते?’ माळ्याच्या शिडीवरून तुझी वहिनी ओरडली, अहो, आई!

मी मशीन बंद केलं. चाळीस सेकंद झाली होती. मग टेबलाशी बसलो आणि तो दिवस मागे फिरवून पाहिला. आईला दवाखान्यात नेलं तो दिवस. त्याच्या आदल्या रात्री आईची कॅसेट टेबलावरून पडून तिची पुढची झडप तुटली होती. सकाळी मी झडप बदलण्यासाठी तुझ्या वहिनीची एक मालिकेची कॅसेट घेतली, दोन्ही पालथ्या घातल्या, पाच-पाच स्क्रू काढले, आणि आता उघडल्याच आहेत तर धूळ झटकू म्हणून दोन्हींमधली रिळं बाहेर काढून समोर ठेवली. चार काळी रिळं, एकसारखी. तेवढ्यात तुझा फोन आला. मी झडप बसवली, रिळं आत टाकली, स्क्रू आवळले आणि धावत सुटलो. आईची रिळं मालिकेच्या कॅसेटच्या प्लास्टिक खोक्यात गेली, मालिकेची आईच्या. लेबल खोक्यावर असतं, फितीवर नसतं. टॅबही खोक्याचीच. घाईत एकसारखी रिळं ओळखायची खूण मी त्या दिवशी केली नाही. गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर मी पहिल्या दिवसापासून खडूनं खूण करतो. स्वतःच्या घरच्यांवर केली नाही. मला वाटलं, मी ओळखेन.

म्हणजे आई सतरा वर्षं माळ्यावर होती, ‘मालिका, भाग अकरा ते सोळा’ असं लिहिलेल्या खोक्यात, आणि त्या खोक्याची टॅब शाबूत. कुणीही कधीही तिच्यावर काहीही रेकॉर्ड केलं असतं. ती वाचली ती केवळ तुझ्या वहिनीचं त्या मालिकेवरून मन उडालं म्हणून. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, माझे उपकार नंतर माना, आधी तिला फोन करा. तुम्ही दोघी दर आठवड्याला बोलता हे मला ठाऊक आहे. मी मुद्दाम त्या वेळी बाहेर पायरीवर जाऊन बसतो. पण हे मला तिच्याकरवी सांगायचं नव्हतं. आणि फोनवर मी गडबडतो, आवाज चढतो, तुला माहीत आहे. कागदावर खोडता येतं. हे पत्र चौथ्यांदा लिहितोय.

चूक माझ्या हातांची होती. ती मी कदाचित तुझ्याकडून माफ करून घेऊ शकलो असतो. पण खाच स्वच्छ दिसूनही मी गप्प राहिलो, आणि माझा हात चुकू शकतो हे मानण्यापेक्षा तू खोटं बोललीस हे मानणं मला सोपं गेलं. त्याला चूक म्हणत नाहीत. तू खरं बोलत होतीस. हे मी भाचीला, तुझ्या नवऱ्याला, सासूबाईंना, ज्यांच्या समोर बोललो त्या प्रत्येकाला समोर बसवून सांगणार आहे. सासूबाईंना आता ऐकू कमी येतं असं कळलं. मोठ्यानं सांगेन.

आता पत्राचं कारण. ती फीत मी अजून उतरवून घेतलेली नाही. कडांना बुरशी होती, ती काढली. दोन्ही टोकं हातानं फिरवून तपासली. इतकी जुनी फीत पहिल्यांदा सलग चालते तेव्हा सर्वांत चांगली चालते, पुढच्या वेळेचं मी सांगत नाही, आणि थोरलीचं हेडही आता मोजक्या तासांचं सोबती आहे. मी ते पहिलं चालणं तुझ्यासाठी राखून ठेवलंय. चाळीस सेकंदांपुढे मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. तुला ज्या दिवशी जमेल त्या दिवशी ये. भाचीला आण, तिला आजीचा आवाज कसा होता ते कळू दे. रविवारी आलीस तर दुकान बंदच असतं, कुणी मधे येणार नाही. तुझं स्टूल काढून ठेवलंय, स्क्रूची बशीसुद्धा. खोक्यावरचं मालिकेचं लेबल मी वाफेवर धरून काढलं आणि कोरं चिकटवलं. त्यावर काय लिहायचं ते तू लिही, माझ्या लेबलांवर मीच आता भरवसा ठेवत नाही. टॅब मात्र मंगळवारीच तोडली, आणि तुटलेला तुकडा या पाकिटात ठेवला आहे. पाकीट झटकताना हरवू नकोस.

तुझाच,
ज्याच्याकडे तेव्हा एक स्क्रू उरला होता, तो दादा