देखरेखीची पायरी

गोथेनबर्ग, १४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय सिक्स्टन,

उद्या वृद्धनिवासात तुझ्या बार्ब्रोला मिळणारी खोली आता मिळणार नाही. नगरपालिकेचा फोन येईलच. त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. गुडघा कसा आहे?

झालं ते असं. प्रतीक्षायादीचा प्रोग्रॅम मी सांभाळते. त्यात गरजेच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात: आधार, मग शुश्रूषा. प्रत्येकीच्या पोटात पुन्हा लहान पायऱ्या. आधी बाहेरची पायरी बघायची, ती सारखी निघाली तरच आतली. क्रम वेगळा सांगावा लागत नाही. जी ओळ खाली, ती गरज मोठी, असं आमची ही प्रोग्रॅम लिहायची भाषा धरून चालते. वसंतात ‘देखरेख’ ही नवी पायरी आली, स्मृती गेलेल्यांसाठी. तिच्या पोटात दिवसा, रात्री, अखंड. माझ्या हाताखालच्या माल्टेने ती सर्वांत खाली लिहिली.

"जुन्या ओळींना धक्का नको म्हटलं," तो म्हणाला.

"अरे शहाण्या, ही काय बसची रांग आहे, नवा आला की मागे उभा राहायला?"

ती आधार आणि शुश्रूषेच्या मधे हवी होती. चुका पकडणाऱ्या कंपायलरनेही हूं की चूं केलं नाही. नुसती दिवसा देखरेख लागणारी माणसंही अंथरुणाला खिळलेल्यांच्या पुढे गेली. बार्ब्रोही गेली.

माल्टे चाळिशीचा आहे, मनाने वाईट नाही. यादीतलं बार्ब्रोचं नाव बघून हळूच म्हणाला, "सोमवारी दुरुस्त करू या का? एकदा खोलीत गेलेल्याला कोणी बाहेर काढत नाही."

ओळ मीच वर नेली. कालच, कॉफीला उठण्याआधी. खोली जिला मिळाली तिच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या आहेत. नाव सांगता येत नाही.

तू म्हणशील, "ताई, माझ्या बायकोपेक्षा तुला यादी प्यारी." आईच्या वेळीही, मी तिचं नाव वर नेलं नाही तेव्हा, असंच म्हणाला होतास, आणि फोन करणं सोडलंस. म्हण. पण बार्ब्रो पहाटे अनवाणी ट्रामच्या रुळांवर सापडली, हे मला तुझ्या शेजारणीकडून कळावं?

निवृत्तीला दीड वर्ष होतं. तेवढं थांबण्यात अर्थ नाही. राजीनामा दिला, साठलेली रजा लावली. आज रात्रीपासून तिच्यापाशी मी बसेन, तू झोप. भांडायचं असेल तर सकाळी भांड.

ही चिठ्ठी आत सरकवून मी बाहेरच उभी आहे. दार उघड.

तुझी,
गुडरून

आज माल्टेच्या स्वाधीन केलं: यादीचं काम, दुरुस्त ओळ आणि तिची चाचणी, दाराचं कार्ड, कपाटाची किल्ली. त्याची सही घेतली.