बाबांचं समुद्रातलं कुंपण

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

कुंपण उलटं आहे!

आज सफाक्सच्या फिल्म क्लबात आमच्या केर्केना बेटावरचा माहितीपट पाहिला. ऑफिसातला अनिस म्हणाला, "तुझे बाबा हिरो झालेत आणि तू इथे नकाशे काढत बसलीस? चल!"

चित्रण गेल्या वर्षीचं. बाबा गुडघाभर पाण्यात खजुरीच्या झावळ्या रोवताहेत. समोर सूर्य उगवतोय. आणि झावळ्यांची भिंत डावीकडे वळते — म्हणजे उत्तरेला. आमची दक्षिणेला वळते. ओहोटी तिकडे ओढते, मासे भिंतीच्या कडेकडेने जाऊन सापळ्यात शिरतात. उत्तरेला वळवली तर सापळा रिकामा. आजोबांपासून जागा तीच, वळण तेच.

वाटलं, दृश्य आरशासारखं फिरवलंय. सुंदर दिसावं म्हणून करतात हे लोक.

नंतरची चर्चा नेहमीसारखी लांबली. एका निवृत्त मास्तरांनी प्रश्न म्हणून भाषणच ठोकलं. शेवटी कॅमेरा चालवणाऱ्या एमनाला जिन्यात गाठलं.

"फिरवलंय? छे गं! बोटीवरचा नंबर सरळ वाचता येतो की."

खरंच. मला दिसायला हवं होतं.

"मिश्कील आहेत हं तुझे बाबा. मलाच विचारत होते, ओहोटी कुठल्या बाजूला जाते म्हणून. मी ट्युनिसची, राजधानीतली! मला काय कळणार?"

मीही हसले. दुसरं काय करणार?

शनिवार, ५ ऑक्टोबर

बाबांना फोन केला. आई गेल्यापासून एकटेच असतात. सरळ विचारलं.

"अगं वेडे, कॅमेऱ्यासमोर खरं वळण दाखवू? उद्या अख्खं सफाक्स येईल जाळी घेऊन! ते लोक गेले आणि मी सगळं उपटून पुन्हा नीट रोवलं."

"मग मासे मिळाले?"

"मिळाले की! रोज मिळतात. तू ये, खाऊ घालतो."

पटलं. हे बाबांना शोभतं. एमनाला कळवलं — तीही खूप हसली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

बंदराची मोजणी. वारा फार. बाकी काही नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

न कळवता बेटावर आले. बाबा झोपले होते. मी शेजारच्या अम्मारकाकांच्या बोटीतून कुंपणापर्यंत गेले. यंदाच्या झावळ्या, अजून हिरव्या. कॅमेरा नाही, कुणी नाही.

भिंत उत्तरेला.

अम्मारकाकांनी वल्हं थांबवलं. "दुसरं वर्ष आहे, पोरी. त्याच्या सापळ्यात पहाटे मीच थोडे मासे सोडून येतो. त्याला सांगू नकोस."