काळ्या रानातला शोषखड्डा

उस्ताद, एका शोषखड्ड्याची खरी किंमत सांगतो. खोदायला दोन दिवस लागले, दगडगोटे भरायला एक. तुमच्या पद्धतीचे आणखी तीन दिवस मी वाचवले आणि त्या बढाईवर आठवडाभर खूश होतो. त्या तीन दिवसांपायी आज चार घरांचा आड बंद आहे, एक पोटुशी बाई अंथरुणाला खिळली आहे आणि मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानासुद्धा दोनदा उठून अंगणात जाऊन आलो.

तुम्ही गेल्यावर मी गवंड्याचा ठेकेदार झालो. माणसं मला ‘शेठ’ म्हणतात. तुम्ही असता तर हसला असता. आग्रा रस्त्याला काळ्या रानात एका वकीलसाहेबांच्या बंगल्याचं काम घेतलं. त्यांना साखळी ओढली की पाणी येणारा साहेबी संडास हवा होता. त्याची टाकी जमिनीखाली, आणि टाकीतलं पाणी मुरायला पुढे शोषखड्डा. वास्तुशांत अक्षयतृतीयेला ठरलेली. तोवर सगळं हवं, आणि चैत्र अर्धा सरलेला.

दिंडोरीच्या रस्त्यावरचं ते घर तुम्हाला आठवत असेल. तेव्हाही उन्हाळाच होता, मी नुकता थापी धरायला लागलो होतो. तुम्ही खड्डा घेऊन त्यात पाणी ओतायला लावलं होतं. पाणी बघता बघता गडप. मी म्हणालो, “उस्ताद, गेलं की. दगड भरू?” तुम्ही वरही पाहिलं नाहीत. माझं मनगट धरून हात खड्ड्याच्या बाजूच्या भेगेत घातलात, तो कोपरापर्यंत आत गेला. “हे पिणं न्हाय रे, फाटक्या खिशात पैसा टाकतोयस तू. तीन रोज पाज तिला. माती फुगू दे, भेगा मिटू दे. चौथ्या रोजी पूछ, प्यास कितनी है.” घरमालक येऊन खेकसतो आहे, “मिस्त्री, बांधायला आलात की खड्ड्याला पाणी पाजायला?” आणि तुम्ही दाढी खाजवत म्हणता आहात, “पाहुण्याला आधी पाणी देतात, मालक. काम मग सांगतात.” चौथ्या दिवशी खुणा केलेली काठी पाण्यात उभी केली, तर दुपारपर्यंत बोटभरही उतरलं नव्हतं. तुम्ही जागा बदललीत, आणि मुरूम लागेपर्यंत खाली गेलात.

हे मला सगळं ठाऊक होतं, उस्ताद. पण मधल्या वर्षांत मी एक नवीच गोष्ट पसरवली होती. माझे कान तिखट, हे लोकांना माहीत होतंच. मी सांगायचो, मला पाणी ओतून बघावं लागत नाही, पहार मारली की आवाजावरून कळतं, खाली काळी आहे की मुरूम. वकीलसाहेबांच्या समोर पहार मारली, मान डोलावली. मग त्यांच्या समाधानासाठी दोन घागरी ओतल्या. तोंडातलं पान संपायच्या आत खड्डा कोरडा. “साहेब,” मी म्हणालो, “ही जमीन हत्तीसुद्धा पिऊन टाकील.”

श्रावणात भेगा मिटल्या आणि जमिनीने तोंड बंद केलं. खड्डा तुंबला आणि घाण पाणी वर येऊन पावसाबरोबर कुंपणापलीकडे जाऊ लागलं. कुंपणापलीकडे एका मावशींचा आड आहे, शेजारची तीन घरंही त्यावरच पाणी भरतात. मी बघायला गेलो तेव्हा मावशी पितळी तांब्या घेऊन कुंपणाशी आल्या. “ठेकेदार, पाण्याला वास येतोय. घ्या, पिऊन बघा.”

“पावसाळ्यात आडाचं पाणी फिरतंच, मावशी.”

“फिरू दे. एक घोट घ्या.”

“आज उपास आहे माझा.”

“उपासाला पाणी चालत नाही होय तुमच्यात?”

मी हसलो, त्याही हसल्या. तांब्या तसाच परत गेला. खड्डा कुठे चुकला ते मला त्या घडीला कळलं होतं.

अकरा दिवस मी त्या बाजूला रोज जायचो. वकीलसाहेबांना काही सांगायचो नाही, खड्ड्याभोवती फिरायचो, परत यायचो. अकराव्या दिवशी कुंपणाआडून मावशींचा आणि त्यांच्या सुनेचा आवाज आला. सून म्हणत होती, पाणी घशाखाली उतरत नाही. तिला सातवा महिना, दोन दिवस उलट्या चालू. मावशी म्हणाल्या, “अगं, ठेकेदार मातीतला माणूस. तो म्हणाला काही नाही, म्हणजे काही नाही. पी.”

माझे कान तिखट नसते तर बरं झालं असतं.

मी कुंपणाला वळसा घालून गेलो आणि अंगणातूनच ओरडलो, पिऊ नका. मग सगळं सांगितलं, उपासाचंसुद्धा. मावशी रागावतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी फक्त विचारलं, “अकरा दिवस?” रहाटाचा दोर सोडला, गुंडाळला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. “मग आता पाण्याचं तुम्हीच बघा.”

तेच बघतो आहे. सकाळ-संध्याकाळ बैलगाडीवर पिंपं चढवून चारही घरांना पाणी पोचवतो. संडासाला कुलूप घातलं आहे. वकीलसाहेब माझ्याशी बोलत नाहीत. काल बंगल्याच्या दुसऱ्या अंगाला, आडापासून लांब नवा खड्डा घेतला, मुरूम लागला तरी तीन दिवस पाणी पाजणार आहे. सून आज उठून बसली असं ऐकलं. वैद्यबुवा बाळाचं मात्र अजून काही सांगत नाहीत, आणि मला विचारायचा धीर होत नाही.

हा कागद मी मोजमापाच्या वहीत ठेवून देईन, दुसरीकडे कुठे देणार. एक गोष्ट मात्र कोणाला सांगितलेली नाही. पहारीच्या आवाजावरून काळी आणि मुरूम मला कधीच ओळखता आले नाहीत. मजुराच्या फावड्यावर काय आलंय ते मी आधी डोळ्यांनी बघून घेत असे.