बोटभर हललेला चेंडू

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं दुसऱ्याच मिनिटाला वाजतं, म्हणून पत्र. वहिनी म्हणाली, तू ब्लॉग पुन्हा सुरू करतोयस. दोन वर्षं गप्प बसलेला गोल्फचा किडा परत वळवळला म्हणायचा!

दादा, हात जोडते. गेल्या वेळी टीव्हीवर भाच्याची स्पर्धा पाहिलीस आणि लिहिलंस, की गवतात काठी टेकवताना त्याचा चेंडू बोटभर हलला, तरी त्याने स्वतःहून दंडाचा फटका मोजला नाही. पंचांना ते दिसलं नव्हतं. तुला वाचणारी टाळकी चाळीस, पण त्यातल्या एकाने ते आयोजकांना कळवलं. माझा मुलगा बाद झाला, वर लबाड ठरला. तो आजही म्हणतो, मामाला भास झाला.

आता महिनाअखेरच्या स्पर्धेत पुढच्या फेरीत गेला तर वर्षभर व्यावसायिक म्हणून खेळता येईल, नाहीतर सगळं संपलं. तू हवामानावर लिही, स्वतःच्या गुडघ्यावर लिही, पण त्याच्यावर एक अक्षरही नको. तसं वचन दे.

गुडघ्याचे व्यायाम करतोस ना? की नुसती सोंगं?

रागावलेली, तरी तुझीच,
चिमी

१५ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

वचन दिलं. गुडघा कुरकुरतो, पण तुझ्याइतका नाही.

चौतीस वर्षं दुकानांतली वजनं-मापं तपासली. बोटभर फरक मला न बघताही दिसतो. चेंडू हलला होता, हे मी आजही म्हणेन. पण लिहिण्याआधी त्याला फोन करायला हवा होता. तो का केला नाही, सांगू? सोमवारी सकाळी लेख टाकायचा माझा नेम होता. नेम चुकेल म्हणून घाई केली. नुसती घाई, चिमे. पोराच्या दोन वर्षांपुढे माझा सोमवार! हे मला आतून खातं.

त्याच्या स्पर्धा आता टीव्हीवर दाखवत नाहीत. आयोजकांच्या संकेतस्थळावर फक्त आकडे येतात. मी चहा गार होईपर्यंत त्याच्या नावापुढचा आकडा बदलायची वाट बघत बसतो. तुझी वहिनी म्हणते, माणूस कामातून गेला.

त्याला माझा आशीर्वाद सांग. नको म्हणाला तरी सांग.

तुझा खडूस,
दादा

३ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

दोन वर्षांनी लिहितोय. अक्षर लागलं नाही तर मामीकडून वाचून घे.

आईने तुझं पत्र मला पाठवलं. ते स्पर्धेच्या आदल्या दिवशी मिळालं. वाचून आधी रागच आला. मग झोपच लागेना.

मामा, चेंडू हलला होता. मला तेव्हाच कळलं होतं. तरी फटक्यांच्या कार्डावर कमी आकडा लिहून सही केली. आईशी दोन वर्षं खोटं बोललो आणि तुला तिच्या शिव्या खाऊ दिल्या.

या वेळी शेवटच्या दिवशी चौदाव्या होलवर, म्हणजे चौदाव्या खळग्याकडे खेळताना, तसंच झालं. गवत उंच, मी काठी टेकवली आणि चेंडू बोटभर सरकला. कॅमेरा नव्हता. सोबतचा खेळाडू झाडीत आपला चेंडू शोधत होता. लहानपणी तू मला तराजूपाशी उभं करून म्हणायचास, मापात पाप नको. मी हात वर केला, पंचांना बोलावलं आणि चेंडू जागेवर ठेवून एक फटका वाढवून घेतला.

एकाच फटक्याने बाहेर राहिलो. खेळ संपला माझा. फार वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. तुला पडद्यावर चौदाव्यापुढे चारऐवजी पाचचा आकडा दिसला असेल. पोरगा कच्चा खेळला, असं वाटलं असेल.

आईने तुझ्याकडून घेतलेल्या वचनातून मी तुला मोकळं करतो. दोन्ही वेळचं लिही, नाव माझंच घाल. फक्त आईला आधी माझ्या तोंडून कळू दे. रविवारी घरी पोचतोय. ती काय म्हणेल, ठाऊक नाही.

तेवढा हा एक सोमवार जाऊ दे, मामा. पुढच्या सोमवारी मी वाचेन.

आठवणीत ठेव,
तुझा लंबू