युअनने बांधलेले, माझ्या नावावरचे

मी, जनकाबाई युअन मॅक्रे, माहेरची खिल्लारे, वय बासष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. साखरेचा आजार आहे, डोके शाबूत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

माझे पती कालकथित युअन हे स्कॉटलंडचे आर्किटेक्ट. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लातूरकडे घरे उभारायला आले. मी तिथल्या छावणीत नर्स होते. त्यांच्या हाताला टाके घालताना ओळख झाली. थोरल्या भावाबरोबरची कंपनी सोडून ते इकडेच राहिले. तिकडे त्यांचे नाव कोणी घेत नाही, आणि इथे ते कोणाला उच्चारता आले नाही. गावाने त्यांना जीवनसाहेब केले.

१. माझ्या प्लॉटवरचे, युअनने बांधलेले राहते घर मुलगी सपना हिला द्यावे. ती एडिनबर्गला नोकरी करते. बापाची आठवण म्हणून तिने अडकून पडू नये, खुशाल विकावे. "स्वयंपाकघर चुकलं," असे ते स्वतःच शेवटपर्यंत म्हणत.

२. त्यांचे नकाशे नणंद इझबेल हिला. सासरहून लग्नाला ती एकटीच आली होती. थोरल्या दिरांना काही नाही. युअन गेल्यावर फोनवर ते म्हणाले, "तो तिथे वाया गेला." तेव्हा मी फोन ठेवून दिला. आता लिहिते: ते वाया गेले नाहीत.

३. वसमतजवळची माझी जमीन गावच्या बुद्धविहाराला द्यावी. याचे कारण सांगणे भाग आहे.

विहार युअनने बांधला. जड स्लॅब न टाकता हलके पत्र्याचे छत दिले आणि भिंतीत चौफेर सळईचा पट्टा घातला. माझा धाकटा भाऊ प्रेमानंद भर बैठकीत म्हणाला, "अक्का, तुझ्या गोऱ्यानं आमाला गोठा बांधून दिला." मग तो ना विहारात आला, ना माझ्या घरी. युअन गेले तेव्हाही दारातून परतला.

गेल्या वर्षी सकाळी जमीन हलली. प्रेमानंदच्या घराची भिंत पडली. भावजय मंजुषा तेव्हा माझ्या व इतर बायकांबरोबर विहारात वंदनेला बसली होती. तो अनवाणी पळत आला. आत सगळ्या घाबरलेल्या, पण धडधाकट. मंजुषा त्याला म्हणाली, "काहून रडून राहिले? आमाला काई झालं न्हाई."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मला म्हणाला, "अक्का, दाजींनी बराबर बांधलं."

हे ऐकायला युअन नव्हते. तरी माझ्या छातीवरचे ओझे त्या दिवशी उतरले.

याच मृत्युपत्राच्या कच्च्या मसुद्यात जमीन मी प्रेमानंदलाच लिहिली होती. वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. प्रेमानंद म्हणाला, "मंग जमीन खोडा. सही मी करणार." समजावून पाहिले, ऐकले नाही. म्हणून जमीन विहाराला.

हे वाचून, समजून खाली सही केली आहे.

जनकाबाई युअन मॅक्रे
कुरुंदा, दि. ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. नरसिंग मुंजाजी इंगोले, शेजारी
२. प्रेमानंद संतराम खिल्लारे, जीवनसाहेबांचा मेहुणा