मनी कशानं गेली

बाबा, मनी माझ्या ख्रिसमसच्या झाडाच्या झिरमिळ्या गिळून मेली नाही. तुम्हाला हे त्याच दिवशी कळलं होतं. मला कळलं गेल्या आठवड्यात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आणि तुम्हाला जाऊन आता सतरा वर्षं झाली. तुम्ही समोर असतात तर मी आवाज चढवला असता. तुमच्यासमोर तो कधी चढलाच नाही, म्हणून लिहिते आहे, आणि पेन इतकं दाबून लिहिते आहे की अक्षरं खालच्या पानावरही उमटताहेत.

तिला तुम्हीच आणलं होतं. शारजाच्या औद्योगिक भागातलं तुमचं वर्कशॉप, ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवणारं. तिथे तुम्ही सुपरवायझर होतात. एका गुरुवारी संध्याकाळी आपल्या बर दुबईच्या फ्लॅटचं दार तुम्ही कोपरानं ढकललंत, कारण दोन्ही हातांत पुठ्ठ्याचं खोकं होतं. आत भंगाराच्या ढिगात सापडलेलं मांजरीचं राखाडी पिल्लू. मी नऊ वर्षांची. तुम्ही म्हणालात, "हे तुझं. पण माझ्या कुंडीतली माती उकरली तर होतं तिथे परत सोडून येईन." बाल्कनीत तुमची तुळस, मोगरा आणि कढीपत्ता होता. तिनं दुसऱ्याच दिवशी तुळशीची माती उकरली. तुम्ही तिला सोडून आला नाहीत. तुम्ही वर्कशॉपमधून उरलेल्या जाळीचे गोल तुकडे कापून आणलेत, मधे खोडापुरतं भोक ठेवून, आणि प्रत्येक कुंडीत मातीवर बसवलेत. जाळीच्या कडा माझ्या बोटांना लागू नयेत म्हणून त्या कानशीनं घासल्यात. सगळी सकाळ बाल्कनीत उकिडवे बसून. हे आठवलं की माझा राग कमी होत नाही, वाढतो. इतकी काळजी घेता येणारा माणूस होतात तुम्ही.

मग डिसेंबरात शेजारचं गोव्याचं कुटुंब कायमचं परत निघालं आणि जाताना त्यांनी मला त्यांचं ख्रिसमसचं प्लॅस्टिकचं झाड दिलं. माझ्या कमरेएवढं, सोबत गोळे आणि चंदेरी झिरमिळ्यांची माळ. तुम्ही कपाळाला आठ्या घातल्यात. "आपल्याला काय करायचंय हे?" आई म्हणाली, "राहू दे हो, शाळेत सगळ्यांकडे असतं." शेवटी तुम्ही बोट नाचवत सांगितलंत, "ठेव. पण मांजर झाडापासून लांब राहिली पाहिजे. घरात हे एकच काम तुझ्याकडे. कळलं?" मला कळलं होतं, बाबा. मी परकराच्या नाडीनं झाडाचा शेंडा खिडकीच्या कडीला बांधला. खालच्या फांद्यांवर एकही गोळा लावला नाही. झिरमिळ्यांची माळ फक्त वर गुंडाळली, मनीचा पंजा पोचणार नाही इतक्या वर. संत्र्याचा वास मांजरांना सोसत नाही असं आई म्हणाली, तर मी रोज डब्यातल्या संत्र्याची सालं घरी आणून झाडाभोवती पसरायचे. आणि शाळेत जाताना नाडी सोडून अख्खं झाड न्हाणीघरात नेऊन दाराला बाहेरून कडी लावायचे. आई रोज त्या झाडाशेजारी अंघोळ करायची आणि माझ्या नावानं ओरडायची. नऊ वर्षांच्या पोरीनं याहून जास्त काय करायचं होतं?

वर्ष संपता संपता तुमच्या मालकानं तुम्हाला पांढऱ्या लिलीचा मोठा गुच्छ दिला. तुम्ही खुशीत होतात. आईनं पाण्याची स्टीलची कळशी रिकामी करून दिली आणि तुम्ही स्वतः फुलं त्यात रचून जेवणाच्या टेबलावर ठेवलीत. थोड्या वेळानं मनी टेबलावरून उडी मारून माझ्याकडे आली तेव्हा तिचं नाक पिवळंजर्द झालं होतं, फुलांच्या परागानं. मी ओरडले, "बघा, मनीला हळद लागली!" तुम्ही इतके हसलात की तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मनी तिथेच बसून नाक चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओकायला सुरुवात केली. मग ती पलंगाखाली गेली ती बाहेर येईना. तोंडातून लाळ. दुधाकडे बघेना. तुम्ही वाकून पाहिलंत आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता म्हणालात, "झाडाचं काहीतरी गिळलंय हिनं." शुक्रवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, तुम्ही तिला त्याच खोक्यात घालून डॉक्टरकडे नेलंत आणि दुपारी रिकामं खोकं घेऊन आलात. मी दारातच उभी होते. तुम्ही चपला काढल्यात आणि म्हणालात, "झिरमिळी गिळली होती. पोटात अडकली. एक काम दिलं होतं तुला." मी रडायला लागले तर तुम्ही झाडाकडे बोट केलंत. "ते आत्ताच्या आत्ता खाली टाकून ये. तुझं तू." मी ते झाड उचलून लिफ्टनं खाली नेलं आणि बिल्डिंगमागच्या मोठ्या कचरापेटीत टाकलं. पेटी उंच होती. दोनदा झाड परत माझ्याच अंगावर पडलं. वर आले तेव्हा टेबलावरची फुलंही नव्हती. मला वाटलं, सुकली असतील.

त्यानंतर कित्येक वर्षं मी मांजराला हात लावला नाही. आपण पुण्याला परतल्यावर, मी वीस वर्षांची असताना, शेजारच्या काकू मांजरीची पिल्लं घेऊन आपल्याकडे आल्या होत्या, आठवतं? एक पिल्लू त्यांनी माझ्या मांडीवर ठेवायला पुढे केलं आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. म्हटलं, "नको काकू, माझ्या हातून मरेल." काकू हसल्या. त्यांना ती गंमत वाटली. तुम्ही तिथेच पेपर वाचत होतात. तुम्ही वर पाहिलंत, बाबा. माझ्याकडे नीट पाहिलंत. आणि पान उलटलंत.

आता मी शारजात राहते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मांजर हवं म्हणून ती चार वर्षं मागे लागली होती आणि मी दर वेळी काहीतरी कारण काढत होते. शेवटी नवरा म्हणाला, "तुझं म्हणणं तरी काय आहे?" आणि मी हो म्हणून टाकलं. दोन वर्षांपूर्वी एक बोका घरात आला. मग या डिसेंबरात झाड. मी हसू येईल इतकी तयारी केली. झाड मासे पकडायच्या नायलॉनच्या दोरीनं भिंतीतल्या हुकाला बांधलं, झिरमिळी घरात आणूच दिली नाही, मनीप्लांट छताला टांगला, मोठ्या कुंड्यांतल्या मातीवर गोटे पसरले, बोक्याला चघळायला म्हणून एका ट्रेमध्ये गहू पेरले. झाडाभोवती उशांचं कुंपण. ते कुंपण हलवायचं नाही, एवढंच मुलीला सांगितलं होतं.

गेल्या शुक्रवारी ऑफिसात माझ्या प्रमोशनचा केक कापला आणि मला गुच्छ मिळाला. घरी येऊन मी तो पाण्यात ठेवला. शनिवारी सकाळी बोका सोफ्याखाली ओकत होता. आणि मला झाडाजवळची एक उशी बाजूला पडलेली दिसली.

"कुंपण कुणी हलवलं?"

"आई, आय ओन्ली टुक वन फोटो."

"एक काम दिलं होतं तुला!"

तुमचंच वाक्य, बाबा. शब्दानं शब्द. मी पुढेही बरंच बोलले. ती भिंतीला टेकून उभी होती. मी बोक्याला पिंजऱ्यात घालून निघाले तेव्हा तिनं विचारलं, "इज ही गोइंग टू डाय बिकॉज ऑफ मी?" मी दार ओढून घेतलं.

डॉक्टर केरळची, माझ्याहून लहान. तिनं बोक्याचं पोट दाबून पाहिलं, नाकाला बोट लावलं, बोटावरचा पिवळा डाग दिव्याखाली धरला आणि विचारलं, "मॅडम, घर में फूल आए हैं क्या? लिली?" मी हो म्हटलं. ती लगेच आत गेली आणि बोक्याला सलाईन लावायला सांगितलं. मग बाहेर येऊन तिनं मला समजावलं की लिलीचं पान, पाकळी, पराग, अगदी ती ठेवलेलं पाणीसुद्धा मांजराच्या जिवावर उठतं. अंगाला लागलेला पराग चाटला तरी पुरतं. आधी उलट्या, लाळ, मग ते कुठेतरी लपून बसतं आणि मूत्रपिंड बंद पडतं. "आप टाइम पे लाए. इन्शाल्ला बच जाएगा." ती बोलत होती आणि मला टेबलावरची स्टीलची कळशी दिसत होती.

क्लिनिकच्या बाहेर गाडीत बसूनच मी पुण्याला आईला फोन लावला.

"आई, मनीच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते?"

"एवढ्या वर्षांनी काय त्याचं?"

"सांग मला."

"फुलांचं म्हणाले होते. विषारी असतात म्हणे मांजरांना. तू झाड टाकायला खाली गेलीस ना, तेव्हा तुझ्या बाबांनी फुलं पिशवीत बांधली."

"आणि मला झिरमिळी सांगितली?"

"मी म्हटलं होतं गं, पोरीला खरं सांगा. तर म्हणाले, रडून झालंय तिचं, आता खलास. फुलं मीच ठेवली होती हे कुठल्या तोंडानं सांगू, म्हणाले."

मी आईवर ओरडले. तिनं ऐकून घेतलं. तीही गप्प राहिली होती, तिचा हिशोब वेगळा आहे आणि तो मी तिच्याशी करेन. पण ते वाक्य तुम्ही उच्चारलंत. चूक झाली याचा मला राग नाही, बाबा. लिलीचं मला तरी कुठे माहीत होतं? राग याचा आहे, की तुम्ही डॉक्टरकडून घरी येईपर्यंतच्या वाटेवर ठरवलंत, हे कुणाच्या अंगावर टाकायचं. घरात आपण तिघंच होतो आणि सगळ्यात लहान मी होते. मी झाड खाली नेत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी महिनाभर पलंगाखाली डोकावून बघत होते तेव्हा माहीत होतं. पुण्याला तुम्ही पान उलटलंत तेव्हाही. एक वाक्य पुरलं असतं. "पोरी, तुझं काही चुकलं नव्हतं." ते न बोलता तुम्ही गेलात, आणि शेवटच्या आठवड्यात मी तुमचे पाय चेपत बसले होते. तेव्हा तरी बोलायचं होतंत.

बोका वाचला. तीन दिवस सलाईनवर होता, मंगळवारी घरी आला. या तीन दिवसांत मुलीनं झाड एकटीनं उतरवून खोक्यात भरून ठेवलं होतं. मी सांगितलं नव्हतं. बुधवारी ती शाळेतून आल्यावर मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, फुलांचं, मनीचं, तुमचंसुद्धा. ती म्हणाली, "सो इट वॉज यू." मी म्हटलं, "हो. मीच." ती उठली, तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी तिला हाक मारली नाही. तो राग तिच्या हक्काचा आहे.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. डॉक्टरनं मला शनिवारीच सांगितलं होतं. आईवर ओरडून मी घरी आले तेव्हा मुलगी दारातच उभी होती, आणि तिनं विचारलं, "व्हॉट डिड द डॉक्टर से?" मी म्हटलं, "काहीतरी पोटात गेलंय." शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार मी तेवढंच म्हणत राहिले, आणि ती झाडाच्या फांद्या एकेक दुमडत राहिली. बोका घरी आला, दूध प्यायला, तेव्हाच मला तोंड उघडता आलं. तो मेला असता तर मी तिला खरं सांगितलं असतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.